मागचा पत्रा

सोमवार, ४ मार्च

दादाने आज जाहीर केलं — डबा पूर्ण झाला की हॉस्पिटलचं मशीन बंद.

मी चहा गाळत होते. तो त्याच्या खुर्चीत. आवाज असा, की घरातलं दूध संपलंय एवढंच सांगतोय. "मागचा पत्रा तेवढा राहिलाय, ठमे. तो तू कर. डबा वाजला की मी सुटलो. मग मला कुणी मशीनवर न्यायचं नाही." मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? तर म्हणतो, "दोन वर्षं शहाण्यासारखा वागलो. आता पुरे."

मशीनवर गेला नाही तर काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. मूत्रपिंडं कामातून गेलीत. मंगळवार, गुरुवार, शनिवार — अंगातलं रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत घालायचं. ते थांबलं की आठ-दहा दिवस. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, तेही त्याच्या तोंडावर.

डबा म्हणजे त्याचा अ‍ॅम्प्लिफायर. चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ आणि टेप दुरुस्त केले, लोकांना अ‍ॅम्प्लिफायर बनवून दिले. स्वतःसाठी करायला घेतला तो एकच, आणि तो दहा वर्षं टेबलाखाली पडून. ट्रान्सफॉर्मर बसलाय, आतली वायरिंग झालीय, पुढची बटणंसुद्धा आहेत. मागे नुसती पोकळी. मागच्या पत्र्यावर सगळ्या जोडण्या यायच्या — विजेची वायर खोचायचं सॉकेट, स्पीकरची टर्मिनलं, गाणं आत यायची दोन सॉकेटं. आज करू, उद्या करू म्हणेपर्यंत डोळे गेले. साखरेने नेले.

"कागद पत्र्यालाच गुंडाळून ठेवलाय. डोळे होते तेव्हाच सगळी मापं काढलीत. त्याप्रमाणे कर आणि मला विचारत बसू नकोस."

पत्रा, आणि मी! जन्म गेला शाळेच्या गणवेशांना काज-बटणं करण्यात. तरी हो म्हणून बसले. नाही म्हटलं असतं तर उद्यापासूनच गेला नसता. डबा अर्धा आहे तोवर तो जाणार, आणि डबा किती दिवस अर्धा ठेवायचा ते माझ्या हातात. एवढंच सुचलं.

मंगळवार, ५ मार्च

हॉस्पिटल. चार तास. बारा खुर्च्या, बारा मशीनं, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. दादाला दिसत नाही, बाकीच्यांना ऐकू येत नाही. म्हणजे सगळे सारखेच.

दादाच्या शेजारी, खिडकीकडच्या खुर्चीत मास्तर असतात. शाळेत भूमिती शिकवायचे. त्यांची आणि दादाची चांगली गट्टी आहे. टीव्हीवरच्या बाया काय बोलत असतील ते मास्तर मनाने रचून सांगतात आणि दादा गालातल्या गालात हसतो. घरी हे हसू मला बघायला मिळत नाही.

आज दादाने त्यांना डब्याचं सांगितलं. मशीन सोडण्याचंही. मास्तर म्हणाले, "मीही तोच विचार करतोय. बस झालं आता." दोघं अशा सुरात बोलत होते, की एखाद्या नोकरीचा राजीनामा द्यायचाय. मी पिशवी उचलली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

गुरुवार, ७ मार्च

"किती झालं?" — "सुरुवात केलीय." पत्र्याला हातही लावलेला नाही.

शुक्रवार, ८ मार्च

आज खरंच सुरुवात केली. त्याच्या मागच्या खोलीत बसले. दोन वर्षांत मी तिथे फक्त झाडायला गेले होते. टेबलावर सगळं जिथल्या तिथे आहे — त्याने लावलेलं तसंच. हत्यारं भिंतीवर टांगलेली, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने त्याचा आकार काढलेला.

पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, तीन मिलीमीटर जाड. खालची कड आत दुमडलेली, ती डब्याच्या तळाला स्क्रूने बसते. कागद पिवळा पडलाय, पण रेघा काय सुंदर! दादाचं अक्षर खराब आणि रेघा अशा. सवयीप्रमाणे कात्रीने कडेचा फालतू कागद कापून टाकला, जसा शर्टाचा नमुना कापतो तसा, रेघेला लागून. मग पत्र्यावर चिकटवला. पंच आणि हातोडीने भोकांच्या मध्यावर खुणा केल्या. ठक, ठक. पुढच्या खोलीतून आवाज आला, "हलक्या हाताने. खिळा ठोकत नाहीयेस."

म्हणजे कान इकडेच आहेत.

ड्रिल मशीनची मला भीती वाटते. शिवणाच्या मशीनची सुई बोटात गेली तर रडायचं, हे बोटात गेलं तर बोटच जायचं. तरी चार भोकं पाडली. रॉकेलचा थेंब टाकला की सोपं जातं, हेही त्यानेच तिकडून ओरडून सांगितलं. विचारू नकोस म्हणणारा माणूस न विचारता सांगतो.

रविवार, १० मार्च

भाचीचा फोन. दादाची एकुलती एक लेक, लांब नोकरी करते, रविवारी फोन करते. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून बोलले. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, मग तू तो डबा पूर्णच करू नकोस ना." जसं मला सुचलंच नव्हतं.

मग म्हणाली, "बाबांना फोन दे." दिला. तिने काय समजावलं देव जाणे, हा नुसता "हं, हं" करत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "सगळ्यांनी मिळून मला जगवायचा कट केलेला दिसतोय."

अर्धा लिटर पाणी हा त्याचा दिवसाचा वाटा. आज दुपारी चारलाच बाटली संपली. त्यानंतर बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून बसला होता. मागितलं नाही. मागितलं असतं तर मी दिलं असतं की नाही, मला सांगता येत नाही.

बुधवार, १३ मार्च

चौकोनी भोकाने नाकी नऊ आणलेत.

विजेचं सॉकेट गोल नसतं. वायर खोचायची जागा, फ्यूज आणि बटण, तिन्ही एकातच असलेला लांबट तुकडा आहे. त्याला सत्तेचाळीस बाय सत्तावीसचं भोक लागतं. आधी रेघेच्या आतून बारीक भोकांची माळ पाडायची, मधला तुकडा बारीक करवतीने सोडवायचा, आणि मग कानशीने घासत घासत रेघेपर्यंत यायचं. जास्त घासलं की संपलं. कापड जास्त कापलं गेलं तर निदान जोड देता येतो. पत्र्याला जोड नाही.

"पुढे ढकलताना दाब, मागे घेताना उचल," दादा म्हणाला. आज तो स्वतःहून मागच्या खोलीत आला, स्टूल चाचपून बसला. "कानस फक्त जाताना कापते. येताना घासलीस तर दात बोथट होतात." थोड्या वेळाने, "दात भरलेत तिचे. आवाज बदललाय. खडू चोळ." अ‍ॅल्युमिनियमचा चुरा दातांत अडकतो, खडू लावला की अडकत नाही म्हणे. खडू! घरात दुसरं काय आहे? माझा कापडावर खुणा करायचा निळा खडू आणला. पाच मिनिटांत कानस, पत्रा, माझे हात — सगळं निळं. त्याला सांगितलं तर म्हणतो, "मग आज सांगायला हरकत नाही. तू कधीच गोरी नव्हतीस."

हसले मी. नंतर आठवलं की हे भोक जितकं नीट होईल तितका तो लवकर जाईल. मग दहा वेळा घासायचं आणि उगीच वाकून बघत बसायचं, असं सुरू केलं. आंधळ्या माणसासमोर बघण्याचं नाटक! त्याने ते ऐकलं असणारच.

गुरुवार, १४ मार्च

मास्तरांची खुर्ची आजही रिकामी, आठवडा झाला. दादाने दोनदा विचारलं, "मास्तर आले नाहीत?" मशीनवरच्या सिस्टरनी त्याच्या हातातली सुई उगाच पुन्हा तपासली.

शनिवार, १६ मार्च

मास्तर गेले. मंगळवारीच गेले. पाच तारखेला घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं की आता नाही जायचं. त्यांच्या बाई आज त्यांची राहिलेली उशी न्यायला आल्या होत्या. सिस्टरना सांगत होत्या, शेवटचे चार दिवस श्वास पुरेना, झोपता येईना, बसूनच रात्रंदिवस काढले. "सुटले म्हणतात सगळे. असं सुटतात का?" हे त्या मोठ्याने म्हणाल्या. दादाची खुर्ची तिथून तीन हातांवर.

घरी येताना रिक्षात मला वाटलं, आता तरी म्हणेल, राहू दे डब्याचं. म्हणाला नाही. दारात चप्पल काढताना एवढंच, "किती राहिलंय अजून?"

रविवार, १७ मार्च

झाला. मागचा पत्रा झाला. आणखी लांबवायला मला काही सापडेना.

सॉकेट भोकात बसवून पाहिलं, जरासुद्धा डगडगत नाही. स्पीकरची टर्मिनलं चार, दोन लाल, दोन काळी, धातूला लागू नयेत म्हणून प्रत्येकाला प्लॅस्टिकच्या चकत्या. गाण्याची दोन सॉकेटं दुसऱ्या टोकाला. मग सगळं पुन्हा काढलं आणि नुसता पत्रा दादाच्या मांडीवर ठेवला.

त्याने आधी खालची दुमडलेली कड चाचपली. मग बोटं वर. गोल भोकं एकेक करून मोजली. चौकोनापाशी थांबला. चारही कोपरे, एकदा बाहेरून, एकदा आतून. पुन्हा बाहेरून. केवढा वेळ लावला! परीक्षेच्या निकालाला उभी राहिल्यासारखी मी, वय वर्षं अठ्ठावन्न.

"बरोबर आहे," म्हणाला. पत्रा परत दिला. "कडा मात्र साफ कर अजून."

खरं सांगायचं तर आधी आनंदच झाला. दादाने माझ्या कामाला बरोबर म्हटलं. मग बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

सोमवार, १८ मार्च

उलटा आहे.

तो पुढच्या खोलीत बातम्या ऐकत होता. म्हटलं पत्रा डब्याला लावून तर बघू. लावला. विजेचं सॉकेट आलं डावीकडे. ट्रान्सफॉर्मर उजवीकडे. आणि गाण्याची सॉकेटं, जी विजेपासून सगळ्यात लांब असायला हवीत, ती बरोबर ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर. हे मलाही कळतं. लहानपणापासून ऐकत आलेय — विजेची वायर आणि गाण्याची वायर शेजारी आल्या की स्पीकर गाण्याऐवजी गुणगुणत बसतो. पत्रा फिरवून लावावा तर दुमडलेली कड वर येते. काही केलं तरी उलटाच.

शिवणाच्या मशीनखाली कापलेल्या चिंध्यांची टोपली असते. तिच्यात हात घातला. दहा दिवसांपूर्वी कात्रीने उडवलेला कागदाचा कोपरा सापडला. त्यावर दादाच्या खराब अक्षरात: आतून.

कागद आतल्या बाजूला चिकटवायचा होता. म्हणजे खुणांचे ओरखडे दर्शनी बाजूला येत नाहीत. चाळीस वर्षं तो असंच करत आला. मीही तेच करते की! कापडावर खडूच्या खुणा उलट्या बाजूला करायच्या, हे मी शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी सांगते. आणि स्वतः सुलट्या बाजूला चिकटवून मोकळी. वर तो शब्दही कापून टाकला.

पण ते काहीच नाही. काल हा पत्रा पाव तास त्याच्या मांडीवर होता. कड खाली धरलेली, चौकोन भलत्याच हाताखाली. आणि तो म्हणाला बरोबर आहे.

मंगळवार, १९ मार्च

डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, साखर आधी पाय बधिर करते, मग हात. त्याच्या तळव्यांना टाचणी लावली तर कळत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. आता बोटं गेली.

डोळे गेले तेव्हा तो म्हणाला होता, हरकत नाही, बोटं आहेत. स्क्रूचा नंबर तो बोटाने सांगायचा. ट्रान्झिस्टरचा इवलासा तुकडा ओठांना लावून कोणत्या बाजूला काय ते सांगायचा. कालपरवापर्यंत. की कालपरवापर्यंत नव्हतंच? सकाळी शर्टाची बटणं तो स्वतः लावतो, एक चुकत नाही. पण ती सवय झाली. साठ वर्षं तेच करतोय.

त्याला सांगू शकत नाही. पत्रा उलटा आहे म्हटलं की तो विचारणार, मग मला कसा नाही कळला? त्याचं उत्तर मी देऊ? तोंडाला कुलूप लावायचं, दुसरा पत्रा आणायचा, बस. तो विचारेल कानस कशाला मारतेस, तर म्हणायचं कडा साफ करतेय. त्यानेच सांगितलंय.

बुधवार, २० मार्च

पत्रेवाल्याकडे गेले. त्याचं दुकान म्हणजे एक लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना पत्रे उभे. म्हातारा पत्रेवाला असताना दादा इथूनच डबे न्यायचा, आता त्याचा मुलगा बसतो, त्याचेही केस पांढरे झालेत. मी उलटा पत्रा दाखवला. त्याने तो एकदा फिरवला आणि लगेच, "मावशी, हा बाहेरून मारला काय?" बघितल्याबरोबर! डोळे असले की किती सोपं.

"मी मारला," म्हटलं.

"होतं असं. तुमच्या भावाकडून मात्र कधी झालं नाही. कसे आहेत ते?"

"आहेत," म्हटलं. त्याने समोरच पत्रा कापला, कड दुमडून दिली. दादाला विचारल्याचं सांगा म्हणाला. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिकडे कशाला गेली होतीस ते आलं.

शुक्रवार, २२ मार्च

ह्या वेळी कागद आतून. जुना फाटला, म्हणून पातळ कागदावर छापून घेतला, जसा गळ्याचा आकार उतरवतो तसा. तीनदा तपासला. दादा तिकडून, "पुन्हा पंच कशाला मारतेस?" मी म्हटलं एक भोक जरा मोठं करायचंय. "कर," म्हणाला. चाळीस वर्षांचा कारागीर, पंचाचा आवाज ओळखतो, आणि एवढ्या थापेवर गप्प बसतो. पूर्वीचा दादा असता तर माझी सालटी काढली असती.

शनिवार, २३ मार्च

आज मशीनवर असताना रक्तदाब एकदम खाली गेला. मी समोर होते. चेहरा कागदासारखा, घाम, आणि दोन्ही पोटऱ्यांत पेटके. सिस्टर धावल्या, खुर्ची आडवी केली, पाय वर धरले. मी एक पाय धरला होता. पोटरी दगडासारखी. तो ओरडला नाही, दात आवळून नुसता "आई, आई" म्हणत होता. आईला जाऊन तीस वर्षं झाली.

सावरल्यावर म्हणाला, "ठमे, किती राहिलंय डब्याचं?"

रविवार, २४ मार्च

फार वेळ विचार केला. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच मला फसवणार नाही.

डोळे नाहीत. बोटं नाहीत. पाणी मोजून. अन्नाला मीठ नाही, बटाटा दोनदा उकडून त्याचं पाणी फेकायचं. आठवड्यातले तीन दिवस खुर्चीत आणि उरलेले चार त्या तीन दिवसांचा शीण काढण्यात. हे सगळं तो का सहन करतो? मी डबा करत नाही म्हणून. म्हणजे त्याला तिथे कोण बांधून ठेवतंय? मी. आणि कशासाठी? तर मला एकटीला ह्या घरात राहायचं नाही म्हणून. नवरा गेला तेव्हा इथे आले, तेव्हा सगळ्यांना सांगितलं, दादाला बघायला आलेय. खरं तर त्यानेच मला बघितलंय. संध्याकाळी कुणीतरी विचारावं, "काय केलंस दिवसभर?" म्हणून मी एका थकलेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा सुया टोचून घ्यायला लावतेय.

मास्तरांच्या बाईंचं बोलणं कानातून जात नाही. असं सुटतात का? नसतीलही सुटत. पण ते त्याने ठरवायचंय. त्यानेही ते ऐकलं, आणि तरी विचारलं किती राहिलंय.

आता लांबवायचं नाही. दुसरा पत्रा जितका लवकर होईल तितका करायचा. नीट करायचा. त्याचा डबा एकदा तरी गुणगुण न करता वाजला पाहिजे.

भाचीला फोनवर हे सांगितलं. ती भांडली, रडली. म्हणाली, "तू हात टेकलेस का आत्या?" हो म्हटलं. टेकले.

बुधवार, २७ मार्च

कानस. दिवसभर. गणवेशाचं गिऱ्हाईक परत पाठवलं.

गुरुवार, २८ मार्च

सॉकेट बसलं. पहिल्यापेक्षा चांगलं. आता हात बसलाय, पुढे ढकलताना दाब आपोआप येतो, मागे घेताना कानस आपोआप उचलली जाते. एवढं शिकले ते ह्या कामासाठी!

हॉस्पिटलमध्ये आज दादा मजेत होता म्हणे, सिस्टरना काहीतरी सांगून हसवलं. मी औषधं आणायला गेले होते. माझ्यासमोर आला की चेहरा पुन्हा तसाच. घरी परतल्यावर प्रश्न तोच. मी म्हटलं, "दोन-तीन दिवस." त्यावर तो नुसता "इतक्यात?" म्हणाला आणि उठून आत गेला. आनंद मानवत नसेल.

शनिवार, ३० मार्च

एक अर्थिंगची तार तेवढी राहिली. ती रंगावर लावायची नाही, खालचा रंग खरवडून उघड्या धातूवर घट्ट आवळायची, नाहीतर ती नुसती शोभेची. डब्यात कधी वीज उतरली तर हात लावणाऱ्याला वाचवणारी एवढी एकच तार. ती मी लावणार आणि मग दादा जाणार.

ब्लेड घेऊन रंग खरवडत बसले. नाण्याएवढी जागा. चकाकायला लागली तरी खरवडतच होते. मग ब्लेड ठेवलं. मंगळवारी मशीनवरून आला की सांगेन, झालं.

सोमवार, १ एप्रिल

त्याचे तीन शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवले. का, माहीत नाही.

मंगळवार, २ एप्रिल

आधी लिहून घेते, चहा नंतर.

आज हॉस्पिटलमध्ये गेल्याबरोबर पाहिलं तर दादाला खिडकीकडे बसवलेलं, मास्तरांच्या खुर्चीत. मला ते आवडलं नाही. त्याला सुया लावून झाल्या, डोळा लागला, तेव्हा सिस्टरना बाजूला घेतलं. म्हटलं एक विचारायचंय. ह्याच्या हातांची शुद्ध गेलीय का, ते तपासायचं काही असतं का? त्यालाही कळू न देता?

सिस्टर म्हणाल्या, "हातांची? अहो ताई, सुईवरची चिकटपट्टी ते आम्हाला लावू देत नाहीत, स्वतः लावतात. परवा माझ्या घड्याळाला नुसतं बोट लावून म्हणाले, काच तडकलीय. मला दिसली नव्हती."

मी म्हटलं, नाही हो. आणि पत्र्याचं सांगितलं. उलटा कापला, त्याने चाचपला, बरोबर म्हणाला, सगळं.

तर त्या हसायलाच लागल्या. मग माझा चेहरा बघून थांबल्या. म्हणाल्या, "त्यांना माहीत आहे ते. त्याच मंगळवारी आम्हाला सांगितलं. बहिणीने भोकं उलटी पाडलीत म्हणाले, बोट लावल्याबरोबर कळलं. आम्ही म्हटलं मग सांगा की त्यांना. तर म्हणाले, तुम्ही बोलू नका. तिचं तिला कळेल, मग ती दुसरा पत्रा आणेल, पुन्हा कानस घेऊन बसेल, तेवढाच एक महिना निघेल."

मी विचारलं, पण तो तर सोडणार आहे ना मशीन? डबा झाला की?

"मास्तर गेल्यापासून मी त्यांच्या तोंडून नाही ऐकलं बाई. उलट ही खुर्ची मागून घेतलीय. तात्पुरती देते म्हटलं तर म्हणाले, कायमची पाहिजे, इथे ऊन लागतं."

मी बाकावर जाऊन बसले. आधी राग आला. असा राग, की जाऊन त्याच्या नळ्या ओढाव्यात. दोन आठवडे! मी इथे त्याच्या बोटांचं सुतक पाळतेय, त्याला सोडायला मन घट्ट करतेय, लेकीशी भांडतेय, शर्टांना इस्त्री करतेय, आणि हा तिकडे बायकांना हसवतोय. जाहीर केलेलं मागे घ्यायचं म्हणजे ह्या माणसाच्या जिवावर येतं. माझ्यापाशी नुसतं म्हणायचं होतं, ठमे, मला भीती वाटते, मला नाही जायचं. एवढंच. पण तेवढं म्हणण्यापेक्षा त्याने माझ्याकडून तीन मिलीचा पत्रा कापून घेतला.

आणि मी तो कालपरवा जवळजवळ पूर्ण केला होता. त्याचं ते "इतक्यात?" — मी त्याला आनंद समजले.

चार तास संपले. त्याला उठवायला गेले. हात धरला तर त्याने माझ्या बोटांवर अंगठा फिरवला आणि विचारलं, "कानशीने घट्टे पडले का गं?" मी म्हटलं, पडले. रिक्षात बसेपर्यंत हात सोडला नाही. झालं, असं मी मुळीच म्हटलं नाही.

बुधवार, ३ एप्रिल

चांगला पत्रा गणवेशांच्या ताग्यामागे लपवला. सकाळीच जाऊन पत्रेवाल्याकडून तिसरा आणला. मागच्या दोनांसारखाच, त्याच मापाचा, तेवढाच जाड. कागद मुद्दाम बाहेरच्या बाजूने चिकटवला, पंचाने सगळ्या खुणा केल्या, कागद काढून पत्रा दादाच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, आधीचा बिघडला होता रे, पुन्हा करायला घेतलाय.

त्याने कड चाचपली. मग खुणा, एकेक करत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाला, "हा जाड दिसतोय, ठमे. ह्याला दोन महिने तरी लागतील."